वरून फेस, आतून ढेप

देवकाबाईला काजलच्या केकची चीड होती, ती केक बिघडायचा म्हणून नव्हे. बिघडला असता तर तिनं सुनेला जवळ बसवून समजुतीचे दोन शब्द सांगितले असते, मग गल्लीतल्या चार घरी जाऊन दुसरेच आठ शब्द सांगितले असते, आणि जिवाला थंडावा मिळाला असता. पण केक चांगला व्हायचा. सून घरात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि पार आर्वीपर्यंत तिचं नाव गेलं होतं. देवकाबाईनं रोहण्यात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून अर्धा जन्म आर्वीच्या बाजारात बसून काढला, तिचं नाव कोणी विचारलं नव्हतं.

आणि केक म्हणजे तरी केवढा, तर मुठीएवढा. एका माणसाला एक. त्याला कपकेक म्हणतात, हे काजलनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं आणि देवकाबाईनं ते मुद्दाम लक्षात ठेवलं नव्हतं. ती त्याला 'लहंगेवाला' म्हणायची, कारण त्याला खालून चुण्यांचा कागद नेसवलेला असे. वर पांढरी क्रीम, गोल गोल फिरवून टोक काढलेली. बोटानं दाबला की खाली बसायचा, बोट काढलं की पुन्हा वर यायचा. हे काय खाणं झालं? दाताला कळत नाही, पोटाला कळत नाही. शेजारची मनकर्णा कौतुकानं म्हणाली की तोंडात टाकला न टाकला तोच विरघळून गेला, तर देवकाबाईनं तिला सांगितलं की मग टाकायचा तरी कशाला, नुसतं तोंड उघडं ठेवून बसलीस तरी तेवढंच पोट भरेल.

अंड्याचाही तपास झाला होता. या घरात अंडं येत नव्हतं आणि काजल ते आणतही नव्हती. दही आणि सोडा घालायची, तेही सगळ्यांच्या देखत. पण अंड्याशिवाय एवढं फुगतं कसं, हे देवकाबाईला पटेना. तिनं उकिरड्यावर जाऊन काडीनं उकरून टरफलं शोधली. टरफलं सापडली नाहीत तेव्हा तिनं ठरवलं की पोरगी भलतीच लबाड आहे, टरफलं पिशवीत घालून सेलूला माहेरी नेऊन टाकत असेल.

ओव्हनही सेलूहूनच आला होता. काजलच्या वडिलांनी, किसनरावांनी, लग्नात तो दिला होता. लोकांच्या सुना माहेराहून गाय आणतात, हिनं पेटी आणली, असं देवकाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पेटी पुढच्या खोलीत बसली होती, कारण जाड पिनेचं बटण तिथंच होतं. बाजारातून उन्हातान्हाचं घरी यावं, तर घरात वासाचा नुसता घमघमाट. आर्वीच्या कोणा डॉक्टरणीच्या पोराचा वाढदिवस, देवळीच्या कोणाचं बारसं. काजल घामाघूम होऊन, गाणं गुणगुणत, एका नळीतून क्रीम सोडत उभी. त्या गुणगुणण्याचा देवकाबाईला सगळ्यात जास्त राग यायचा. कामाच्या वेळी तिला स्वतःला आयुष्यात कधी गाणं सुचलं नव्हतं.

हलकं काय असतं हे देवकाबाईला कळत नव्हतं अशातला भाग नाही. तिचे मुगाचे वडे गावात प्रसिद्ध होते. लग्न असो की तेरवी, डाळ भिजली की बोलावणं देवकाबाईला. ती वाटलेली डाळ परातीत घ्यायची, पदर खोचून बसायची आणि हातानं फेटायची, एकाच दिशेनं, खांदा भरून येईपर्यंत. मग पाण्याच्या वाटीत एक थेंब सोडायची. तरंगला तर झालं, बुडाला तर आणखी फेटायचं. तिचा थेंब बुडालेला कोणी पाहिला नव्हता. अशा बाईच्या डोळ्यांदेखत काजल काय करायची, तर मैदा पडला की चमच्यानं चारदा खालचं वर करायची आणि हात काढून घ्यायची. जास्त फिरवलं तर चिवट होते, असं वर तिलाच शिकवायची. फेटल्यानं चिवट होते! देवकाबाई ते सांगून सांगून आठवडाभर हसली. पीठ आहे की तान्हं लेकरू, कुरवाळायला?

हे सगळं आपल्या जागी चाललं असतं. पण श्रावणात रूपरावजी घरी आले.

रूपरावजी म्हणजे गावचे माजी सरपंच. 'माजी' हा शब्द त्यांना कोणी अजून सांगितला नसावा असं त्यांचं चालणं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली लेकरं आपापले लाकडी बैल सजवून शाळेच्या मैदानात आणतात, तो तान्हा पोळा त्यांच्या देखरेखीखाली भरायचा. लेकरांना बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ, त्यांच्याकडून मिळायचा, आणि त्या बोजाऱ्यात वर्षानुवर्षं देवकाबाईचे वडे असायचे. तेव्हा रूपरावजी दारात दिसताच तिनं पाट टाकला, नवऱ्याला, अण्णाजींना, गोठ्यातून हाक मारली आणि डाळ किती भिजवायची याचा अंदाज बांधायला घेतला. रूपरावजी पाटावर बसले आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाले की सूनबाईंना बोलवा. नागपूरच्या एका लग्नात त्यांनी तीन मजली थाळीवर मांडलेले कपकेक पाहिले होते. यंदा रोहण्याच्या लेकरांना तेच मिळायला पाहिजेत, गाव पुढं गेलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. गाव कुठं पुढं जाणार होतं हे काही त्यांनी सांगितलं नाही.

देवकाबाईनं त्यांना चहा दिला, त्यात साखर घालायची विसरली, आणि रूपरावजींनी तो तसाच पिऊन छान झाला म्हणून सांगितलं. यांच्या जिभेवर गावाचा खाऊ ठरत होता.

त्या संध्याकाळी जेवताना ती फुटली. मुलगा ऋतिक ताटापुढं मोबाईल धरून जेवत होता, अण्णाजी खाली मान घालून. देवकाबाई काजलकडे न पाहता म्हणाली, "तान्ह्या पोळ्याले लेकरायनं खाल्ले त खाल्ले. नाई खाल्ले त ते पेटी बांधायची अन् सेलूले पोचवून द्यायची. मंग सकाळी माह्यासंगं वावरात यायचं. कबूल हाये का?"

अण्णाजी म्हणाले की हे काय भलतंच. ऋतिकनं मोबाईलवरून डोळे उचलले आणि पुन्हा ठेवले. बायको आणि आई यांच्यामध्ये त्याला दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. काजलनं हातातला घास ताटात ठेवला. ओव्हन गेला तर तिचं या घरात स्वतःचं म्हणावं असं काहीच उरणार नव्हतं, हे चौघांनाही ठाऊक होतं.

"कबूल आहे," ती म्हणाली.

आता गावात नत्थू नावाचा एक माणूस होता. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणायच्या असतात. झडती म्हणजे चार ओळींचा टोला. सरपंच असो की सावकार, ज्याचं वर्षभरात काही वाकडं दिसलं त्याच्या नावानं ती म्हणायची, शेवटी साऱ्या गावानं हर हर महादेव करायचं, आणि ज्याला लागली त्यानं हसून घ्यायचं. रोहण्यात हे काम नत्थूचं. मोठ्या पोळ्याला तो म्हणायचाच, आणि लेकरांच्या पोळ्यालाही लोक त्याला सोडत नसत. वर्षभर तो असा माल गोळा करत हिंडायचा. बाजाराच्या दिवशी देवकाबाईची वांगी उतरवायला तो आला, तेव्हा तिनं त्याच्या हातात पोत्याबरोबर एक ओळही दिली: वरून फेस, आतून ढेप. ढेप म्हणजे सरकीची, बैलापुढं घालतात ती. नत्थूनं ओळ जिभेवर घोळवून पाहिली.

"ओळ मस्त आहे वहिनी," तो म्हणाला, "पण तुमच्या सुनेचा केक ढेपीवानी नाई ना. म्या खाल्ला."

"होईन," देवकाबाई म्हणाली.

असं तिनं म्हटलं खरं, पण केक बिघडवायचा तिचा बेत नव्हता, हे तिच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. पीठ बिघडवणं हे तिच्यानं झालंच नसतं. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी काजल एकटी धावताना तिनं पाहिली. दुपारी विजेची लाइन जायची होती, त्याच्या आत गावभरच्या लेकरांचे केक निघायला पाहिजे होते. पुढच्या खोलीत ओव्हन, मागच्या खोलीत पीठ, मध्ये ही. अण्णाजींनी एकदा बायकोकडे पाहिलं. देवकाबाईच्या मनात हिशेब झालाच होता. केक पडले तर हार पोरीची. केक चांगले झाले तर पीठ कोणाच्या हातचं, हे ती गावाला सांगणारच होती. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, आण इकडं, मी कालवून देते.

काजलनं हातातली चाळण खाली ठेवली. मग तिला खरंच बरं वाटलं असावं, कारण ती हसली. तिनं गंज, म्हणजे पातेली, मांडून दिले: एकात दही, साखर आणि तेल घोटलेलं, दुसऱ्यात चाळलेला मैदा. हे त्यात ओतायचं, चमच्यानं खालचं वर करायचं, मैदा दिसेनासा झाला की थांबायचं.

"चार वेळा, आई. पाचव्यांदा नाई," असं सांगून ती पुढच्या खोलीत गेली.

देवकाबाईनं चमचा बाजूला ठेवला. पिठात बुडू नयेत म्हणून बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या, हात घातला आणि एका दिशेनं सुरू केलं. छान गुळगुळीत झालं. आता हिला दाखवू हलकं कशाला म्हणतात. तिनं पाण्याची वाटी घेतली आणि एक थेंब सोडला.

थेंब बुडाला.

देवकाबाईनं वाटीत वाकून पाहिलं. थेंब तळाशी जाऊन आरामात बसला होता. तिच्या हातचा थेंब! तिनं आणखी फेटलं. पुन्हा सोडला, पुन्हा बुडाला. मग तिला चेव आला. साखरेचं, तेलाचं पीठ ते, ते तरंगणार कशाला. पण हे तिला सांगणारं कोणी तिथं नव्हतं, आणि असतं तरी तिनं ऐकलं नसतं. तिनं दात आवळून फेटलं. एका गंजातलं झालं की दुसऱ्या गंजातलं, खांदा भरून आला, पीठ हाताला लोंबायला लागलं, ओढलं तर तार सुटायला लागली, आणि वाटीच्या तळाशी थेंबांची रास झाली. एकही वर आला नाही. या पोरीच्या मालातच खोट आहे, असं ठरवून तिनं शेवटी गंज पुढं सारले. थेंब बुडाल्याचं तिनं कोणाला सांगितलं नाही.

काजलनं घाईघाईत साचे भरले. पहिली खेप निघाली तेव्हा केक फुगलेले दिसत होते, फक्त माथ्यावर टोकं आली होती. तिनं एकावर बोट दाबलं. केक खाली बसला नाही. तिनं पुन्हा दाबलं, मग एक उचलून तोडायला घेतला, तशी देवकाबाई मागून कडाडली. बोजाऱ्याचा माल, आधी नंदीच्या तोंडाला लागल्याशिवाय उष्टा करायचा? या घरात असं कधी झालं नव्हतं. काजलनं केक खाली ठेवला. सासूच्या कोपरापर्यंत वाळलेल्या पिठाकडे तिनं पाहिलं, मागच्या खोलीत गेली, तिथं जरा वेळ थांबली आणि परत आली. सगळा मैदा कालवून झाला होता, लाइन जायला आली होती. तिनं पुढची खेप आत सरकवली आणि क्रीम घोटायला घेतली. त्या दिवशी ती गुणगुणली नाही.

संध्याकाळी मैदानात तोरण लागलं. लेकरं नवे कपडे घालून, लाकडी बैलांना झुली आणि फुगे बांधून, ओळीनं उभी राहिली. रूपरावजी माईकवर चढले. आपण आणलेल्या रस्त्यापासून सुरुवात करून ते कपकेकपर्यंत पोचेस्तोवर दोन लेकरं झोपली आणि एकाच्या बैलाचं शिंग निघालं. मग वाटप झालं. क्रीम पांढरीशुभ्र, टोक जिथल्या तिथं, वर लाल दाणा. बाया वाहवा करत होत्या. प्रत्येक लेकरानं आधी आपल्या बैलाच्या लाकडी तोंडाला केक लावला, मग आपल्या.

आधी क्रीम संपली. लेकरांनी ती चाटून साफ केली आणि मग दात लावले. मैदानात एकाएकी शांतता पसरली, कारण सगळ्यांची तोंडं गुंतली होती. चावता चावता एकेकाची मान वाकडी होऊ लागली. मग एकानं केक थुंकला. दुसऱ्यानं बैलाच्या चाकाखाली अडण म्हणून लावून पाहिला, आणि उतारावरचा बैल जागचा हलला नाही, तेव्हा बाकीच्यांनाही ती सोय आवडली. रूपरावजींचा नातू पीयूष थेट माईकपाशी गेला आणि सगळ्या गावाला ऐकू येईल असं म्हणाला, "आबाजी, हे तुटत नाई."

रूपरावजींनी गावाच्या इज्जतीसाठी स्वतः एक घास घेतला. त्यानंतर बराच वेळ त्यांना भाषण करता आलं नाही, एवढा एक फायदा त्या केकनं गावाला झाला.

आणि मग नत्थू पुढं आला. त्याला बोलवावं लागलं नाही. त्यानं कानावर हात ठेवला आणि आवाज लावला:

"वरून फेस, आतून ढेप,
लहंग्यावर मारला साखरेचा लेप;
नंदीनं हुंगलं, फिरवलं तोंड,
देवकाबाईच्या सुनेनं रांधली धोंड!"

हर हर महादेवचा गजर झाला, आणि मग हसू. बाया पदर तोंडाला लावून हसल्या, पुरुष मांडीवर थापा मारून. ढेप, ढेप करत लेकरं नाचू लागली. देवकाबाईनं या हसण्याची श्रावणभर वाट पाहिली होती. ती हसायला गेली आणि तिला दिसलं की काजल रिकामी थाळी धरून तोरणाच्या खांबाशी उभी आहे आणि हसणाऱ्यांकडे पाहत नाही. ती देवकाबाईकडे पाहत होती. रागानं नाही, रडून नाही. नुसती पाहत होती, कोणी काही बोलणार आहे आणि आपण ऐकायला उभे आहोत, अशी.

देवकाबाईनं तोरणाच्या पानांकडे नजर वळवली. पानं आंब्याचीच होती, पाहण्यासारखं त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात रूपरावजींचा जबडा मोकळा झाला. आपण तर आधीपासून म्हणत होतो, असं सांगून त्यांनी जाहीर केलं की पुढल्या वर्षी पुन्हा देवकाबाईंचे वडे. टाळ्या पडल्या. तिनं उठून हात जोडले. मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं, वर टाळ्याही. पोळा फुटला, लोक घरी निघाले, आणि मैदानभर कागदी लहंगे नेसलेले, चाटून पुसलेले केक पडून राहिले. कुत्रं आलं, एक हुंगून गेलं.

घरी देवकाबाई पोचली तेव्हा काजल पुढच्या खोलीत बसून ओव्हन त्याच्या मूळ खोक्यात भरत होती. थर्माकोलचे तुकडेही तिनं जपून ठेवले होते. ऋतिक दारात उभा राहून राहू दे, राहू दे म्हणत होता, पण हात लावत नव्हता. अण्णाजी गोठ्यात गेले होते; या घरात काही बिनसलं की त्यांना बैलांची आठवण व्हायची. काजलनं खोक्याला दोरी गुंडाळली, गुडघा टेकून ओढली आणि गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी मारली.

देवकाबाईला वाटलं होतं की पोरगी रडेल. रडली असती तर दोन शब्द बोलता आले असते. ती पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पाणी प्यायली.

"तुह्यं काई चुकलं नाई," शेवटी तिच्या तोंडून निघालं. "पीठ म्या फेटलं. लय फेटलं."

"मालूम आहे," काजल म्हणाली. "पाण्याची वाटी पाह्यली मी."

"मंग तिथं काऊन नाई बोलली? साऱ्यायसमोर?"

काजलनं दोरीचं उरलेलं टोक खोक्याखाली सारलं. "तुम्ही बोलसान म्हून वाट पाहून राह्यली होती," ती म्हणाली, आणि उठून दिवा लावायला गेली.

देवकाबाई तिथंच उभी राहिली. कोणी तोंडावर चार शिव्या दिल्या असत्या तर तिनं आठ परत केल्या असत्या. त्यात तिचा हात धरणारी गावात नव्हती. पण ही शिवी नव्हती. तिला लाज वाटली, सरळसोट लाज, कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. आपण थेंबाला लाजलो, पोरीला नाही, असं तिच्या मनात आलं. तिनं पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडली.

मारुतीच्या पारावर नत्थू बसला होता, भोवती दहा-बारा माणसं, आणि झडती अजून तोंडी लावायला चालू होती. देवकाबाई आली तशी जागा झाली. वड्याचं अभिनंदन करायला एकानं तोंड उघडलं. तिनं नत्थूला सांगितलं की झडती पुन्हा म्हण, पण नाव बदल. पीठ सुनेनं नाई, म्या फेटलं.

नत्थूनं तिच्याकडे पाहिलं. "पोळा फुटला वहिनी," तो म्हणाला. "आता झडती म्हणत नाई."

"नोको म्हणू. मी म्हणते."

बाईमाणसानं पारावर झडती म्हटल्याचं रोहण्यात कोणाला आठवत नव्हतं. तिनं कानावर हात ठेवला नाही, आवाजही लावला नाही. भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, फेस, ढेप, लेप, सगळं जिथल्या तिथं, आणि शेवटाला, "सुनेचं नाव बुडवून फिरवलं तोंड, देवकाबाईनं फेटली धोंड." पारावर कोणी हललं नाही. हसावं की काय करावं हे त्यांना कळेना, आणि देवकाबाईला त्या सगळ्यांची एकदम किळस आली. सुनेवर हसताना यांना विचार पडला नव्हता.

"काऊन?" ती म्हणाली. "मघाशी त दात दिसून राह्यले होते. हासा ना आता."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मग सगळाच पार हसला, आणि नत्थूनं सवयीनं हर बोला म्हटलं. देवकाबाई हसणं संपेपर्यंत उभी राहिली. ओळ तिचीच होती, श्रावणात मोठ्या मेहनतीनं जुळवलेली, आणि चांगली बसली होती.

हसण्याचा आवाज घरापर्यंत गेला असणार, कारण ती परतली तेव्हा ऋतिकचा मोबाईल खिशात होता आणि अण्णाजी गोठ्यातून बाहेर आले होते. काजल भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. देवकाबाई पुढच्या खोलीत जाऊन खोक्यासमोर मांडी घालून बसली आणि गाठ सोडू लागली. गाठ पक्की होती, एकावर एक मारलेली, ओढताना नख मोडलं. ऋतिक कात्री घेऊन पुढं आला, तर आतून काजलचा आवाज आला की राहू दे, आईच सोडतील. देवकाबाईनं मोडलेलं नख दातानं काढून टाकलं आणि गाठीत पुन्हा बोट घातलं.